१६ एप्रिल: ठाण्यापासून चंद्रापर्यंत

भिंतीवरच्या कॅलेंडरात एप्रिलचं पान काढा आणि १६ तारखेच्या चौकोनावर बोट ठेवा. दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर लावल्याची खूण, कुणाच्या तरी साखरपुड्याची वेळ, एवढं लिहिलं की तो चौकोन भरला. आता त्याच चौकोनात काय काय बसलंय बघा. भारतातली पहिली प्रवासी आगगाडी. माणसाला विमानात बसवणाऱ्या दोन भावांपैकी थोरला. वर्षाला एक टन सोन्याच्या मोलाचा पगार घेणारा विनोदवीर. साखरेच्या अर्ध्या दाण्याहूनही कमी वजनात माणसाचं डोकं गरगरवून टाकणारं रसायन. आणि जवळजवळ तीन हजार टनांचं एक रॉकेट, थेट चंद्राकडे निघालेलं! वर्षं वेगळी, तारीख एकच.

चला, सुरुवात मुंबईतल्या आपल्या बोरीबंदर स्टेशनापासून करू.

साल १८५३, १६ एप्रिल, शनिवार. दुपारचे साडेतीन वाजून गेलेले. तीन इंजिनं धूर सोडत उभी होती. त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. मागे १४ डबे, डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे. २१ तोफांची सलामी झाली, बघ्यांच्या गर्दीतून आरोळ्या उठल्या आणि गाडी हलली. ठाणं ३४ किलोमीटर. बैलगाडीला अख्खा दिवस खाणारं अंतर. गाडीनं ते सुमारे तासाभरात कापलं! नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या माणसांनी ज्या रेल्वेसाठी वर्षानुवर्षं खटपट केली होती, ती त्या दुपारी लोकांच्या डोळ्यांदेखत धावत होती.

४०० माणसं. तेव्हा केवढी वाटली असतील! आज ऐन गर्दीच्या वेळी १२ डब्यांच्या लोकलमध्ये ५,००० च्या आसपास माणसं असतात. भागाकार करा. एका डब्यात ४०० हून थोडी जास्तच! म्हणजे तीन इंजिनं, १४ डबे आणि २१ तोफा लावून जेवढे लोक ठाण्याला नेले, तेवढे आज सकाळच्या लोकलच्या एका डब्यात मावतात. तोफा नाहीत, सलामी नाही, फक्त ‘आगे चलो, आगे चलो’.

अजून एक पायरी वर चढू. मुंबईच्या लोकलनं रोज प्रवास करणारे सत्तर लाखांच्या घरात. या सत्तर लाखांना त्या पहिल्या गाडीत बसवायचं ठरवलं तर? एका खेपेला ४००, म्हणजे १७,५०० खेपा. एका खेपेला एक तास धरू. परत येण्याचा वेळ हिशेबात घ्यायचाच नाही, गाडी जादूनं पुन्हा बोरीबंदरावर उभी राहते असं समजू. कोळसा भरायलाही थांबायचं नाही. रात्रंदिवस, पावसाळ्यात, गणपतीत, दिवाळीत गाडी चालूच. तरी १७,५०० तास लागतील. म्हणजे ७२९ दिवस. म्हणजे दोन वर्षं! मुंबई एका दिवसात जेवढी माणसं हलवते, तेवढी हलवायला साहिब, सिंध आणि सुलतान यांना दोन वर्षं न थांबता पळावं लागलं असतं.

आणि गंमत म्हणजे, प्रत्येक स्टेशनावर थांबत जाणारी आजची स्लो लोकलसुद्धा ठाण्याला पोचायला साधारण तासभरच घेते.

आता त्या ४०० पाहुण्यांकडे जरा निराळ्या नजरेनं बघू, कारण त्यांच्यात एक जबरदस्त गणित लपलेलं आहे. वर्षाचे दिवस ३६५, लीप वर्षात ३६६. पाहुणे ४००. खुर्च्या ३६६ आणि बसणारे ४०० असले की कुणाला तरी दुसऱ्याच्या मांडीवर बसावंच लागतं. तेव्हा त्या गाडीत एकाच तारखेला जन्मलेली किमान दोन माणसं होती, हे आपण १०० टक्के खात्रीनं सांगू शकतो. कोण होती, कुठल्या डब्यात होती, त्यांना हे ठाऊक होतं का, यातलं काही माहीत नसताना!

पण खात्री नको, फक्त निम्मी शक्यता चालेल, असं म्हटलं तर किती माणसं लागतील? अंदाज करा. बहुतेक जण ३६५ चे निम्मे करतात आणि १८० च्या आसपास सांगतात. उत्तर आहे २३. फक्त २३! क्रिकेटचे दोन संघ आणि एक पंच मैदानात असले, तर त्यांच्यातल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. एसटीच्या गाडीत ५० माणसं असतील तर ९७ टक्के. ५७ माणसं असतील तर ९९ टक्के. हे असं का होतं? कारण माणसं मोजायची नसतात, जोड्या मोजायच्या असतात. २३ माणसांत जोड्या होतात २५३. पन्नास जणांच्या एसटीत १,२२५. पुढच्या वेळी लग्नाच्या पंगतीत एका रांगेला तारखा विचारून बघा. पापड वाढून व्हायच्या आत जोडी सापडेल.

मात्र तुमच्याच तारखेचा सोबती हवा असेल तर मामला अवघड. तिथं निम्म्या शक्यतेसाठी २५३ माणसं लागतात. पुन्हा तोच आकडा! आणि ४०० माणसांत एका ठरावीक तारखेला जन्मलेलं कुणी तरी असण्याची शक्यता निघते साधारण तीनात दोन. म्हणून मला मनापासून वाटतं की त्या पहिल्या गाडीत कुणाचा तरी वाढदिवस होता. भारतातल्या पहिल्या आगगाडीत बसून, तोफांच्या आवाजात साजरा झालेला वाढदिवस!

आज १६ एप्रिलला वाढदिवस असणारे जगात किती? लोकसंख्या ८२० कोटी, भागिले ३६५. सव्वादोन कोटी! हे सगळे जण एकदम स्टेशनवर आले तर त्यांना खच्चून भरलेल्या ४,५०० लोकल लागतील. मुंबईत दिवसाला लोकलच्या फेऱ्या तीन हजारांहून थोड्या जास्त होतात, म्हणजे सगळ्या शहराची दीड दिवसाची लोकल यांच्यासाठीच राखून ठेवायची. या गाड्या एकीमागे एक रुळावर उभ्या केल्या तर रांग सुमारे १,१५० किलोमीटरची. कल्याण गेलं, नाशिक गेलं, भुसावळ गेलं, अकोला गेलं, नागपूर मागे पडलं, आणि रांगेचं टोक छत्तीसगडात रायपूरला! एका तारखेचे वाढदिवसवाले, आणि मुंबईपासून रायपूरपर्यंत लोकलच लोकल.

आपल्या देशापुरतं बघितलं तरी ४० लाखांच्या आसपास माणसं भरतात. प्रत्येकाला अर्ध्या किलोचा ३०० रुपयांचा केक आणला तर १२० कोटी रुपये बेकरीवाल्यांच्या गल्ल्यात. केक नको, आपली औक्षणाचीच पद्धत बरी, असं ठरवलं आणि प्रत्येक निरांजनात एकच चमचा तूप घातलं, तरी लागतं २०,००० लिटर तूप. पाण्याचे असतात तसे दोन मोठे टँकर, काठोकाठ तुपाचे!

या तारखेची नामवंत मंडळीही काही कमी नाहीत. आंध्रातले समाजसुधारक आणि लेखक कंदुकुरी वीरेशलिंगम १८४८ चे, म्हणजे बोरीबंदरची गाडी निघाली त्या दिवशी ते पाच वर्षांचे झाले. नोबेल मिळवणारे फ्रेंच लेखक अनातोल फ्रान्स १८४४ चे. पोप बेनेडिक्ट सोळावे १९२७ चे. लारा दत्ता १९७८ ची. पण या चौकोनातली मला सगळ्यांत जवळची वाटणारी दोन माणसं म्हणजे विल्बर राइट आणि चार्ली चॅप्लिन. त्यांच्यापाशी जरा थांबू.

विल्बर राइट जन्मला १६ एप्रिल १८६७ रोजी, अमेरिकेत इंडियानात. ठाण्याच्या गाडीनंतर बरोबर १४ वर्षांनी. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूवर त्यानं आणि धाकट्या ऑरव्हिलनं विमान उडवलं. पहिली फेरी ऑरव्हिलची. वेळ १२ सेकंद, अंतर १२० फूट, म्हणजे साडेछत्तीस मीटर. केवढं हे अंतर? लोकलचे दोन डबेसुद्धा नाहीत. जम्बो जेटच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत ६४ मीटर भरतात, म्हणजे माणसाचं पहिलं उड्डाण जम्बोच्या दोन पंखांच्या आत सुरू होऊन आतच संपलं असतं! विमानाच्या इंजिनाची ताकद १२ अश्वशक्ती. कॉलेजातली मुलं फिरवतात त्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलला साधारण तेवढीच असते.

त्या दिवशीची चौथी आणि शेवटची फेरी विल्बरची. ५९ सेकंद, ८५२ फूट, म्हणजे २६० मीटर. आता ऐका, १२ डब्यांच्या लोकलची लांबी जवळजवळ तेवढीच! कल्पना करा, प्लॅटफॉर्मवर लोकल उभी आहे आणि शेवटच्या डब्यापासून पहिल्या डब्यापर्यंत एक माणूस हवेतून जातोय. त्या एका मिनिटानं जग बदललं. वेग काढला तर तो येतो ताशी १६ किलोमीटर, कारण समोरून वारा जोरात होता. पन्नास वर्षं जुन्या आपल्या ठाण्याच्या गाडीनं त्याला सहज मागे टाकलं असतं.

पण थांबा. दोन वर्षंही पुरी झाली नव्हती, तोवर ५ ऑक्टोबर १९०५ ला हाच विल्बर ३९ मिनिटं हवेत राहिला आणि ३९ किलोमीटर उडाला. बोरीबंदरावरून निघून ठाणं ओलांडून मुंब्र्याच्या दारात! २६० मीटरांवरून ३९ किलोमीटर म्हणजे दीडशे पट. आज महिन्याला वीस हजार कमावणारा माणूस दोन वर्षांत महिन्याला तीस लाख कमावू लागला, तर ती जेवढी झेप, तेवढी ही.

१६ एप्रिल १९१२. विल्बरचा पंचेचाळिसावा वाढदिवस. त्याच दिवशी हॅरिएट क्विम्बी ही अमेरिकन तरुणी एकटी विमानात बसली, डोव्हरहून उडाली आणि सुमारे तासाभरात धुक्यातून इंग्लिश खाडी पार करून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली. स्वतः विमान चालवत खाडी ओलांडणारी पहिली स्त्री! एरवी जगभरच्या पहिल्या पानावर तिचं नाव झळकलं असतं. पण आदल्याच दिवशी टायटॅनिक बुडाली होती. दीड हजार माणसांच्या मृत्यूपुढे तिची बातमी कोपऱ्यात गेली. तिच्यावर हा अन्यायच झाला, म्हणून आज तिचं नाव मुद्दाम सांगायचं. त्यानंतर सहा आठवड्यांनी विल्बर विषमज्वरानं गेला. लोकलच्या लांबीएवढ्या उड्डाणापासून समुद्र ओलांडणाऱ्या विमानांपर्यंत सगळं त्यानं ४५ वर्षांच्या आयुष्यात पाहिलं, तेही शेवटच्या नऊ वर्षांच्या आत.

विल्बरच्या बाविसाव्या वाढदिवशी, १६ एप्रिल १८८९ ला, लंडनमध्ये चार्ली चॅप्लिन जन्मला. बालपण इतकं ओढगस्तीचं की सातव्या वर्षी त्याला लॅम्बेथच्या अनाथ-गरिबांच्या वसतिगृहात जावं लागलं. आता घड्याळ १९१६ वर आणा. वय २६. म्युच्युअल नावाच्या चित्रपट कंपनीनं त्याच्याशी करार केला. आठवड्याला १०,००० डॉलर, वर सहीचे दीड लाख. वर्षाचे झाले ६ लाख ७० हजार डॉलर! अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा तेव्हाचा वर्षाचा पगार ७५,००० डॉलर. म्हणजे ढगळ विजार घातलेला हा मुलगा राष्ट्राध्यक्षांच्या जवळजवळ नऊ पट कमावत होता.

डॉलर नकोत, सोन्यात मोजू. सोन्यात मोजल्याशिवाय आपल्याला पैशाचा खरा अदमास येत नाही. तेव्हा सोन्याचा भाव ठरलेला होता, औंसाला २० डॉलर ६७ सेंट. त्या हिशेबानं १०,००० डॉलरचं सोनं येतं १५ किलो. दर आठवड्याला! सोमवारी कामावर जायचं, आठवडा संपला की १५ किलो सोनं घेऊन घरी यायचं. वर्षाचं सोनं भरतं १,००० किलोंहून थोडं जास्त. एक टन! १० ग्रॅमला एक लाख रुपये असा भाव धरला तर एक टन सोनं म्हणजे १,००० कोटी रुपये. आणि करार कशाचा, तर १२ छोट्या मूकपटांचा. एका चित्रपटाला ८४ किलो. वीस मिनिटांचा चित्रपट धरला तर पडद्यावरच्या मिनिटाला चार किलो, सेकंदाला ७० ग्रॅम. चार्लीनं टोपी उचलली, एक मंगळसूत्र. काठी फिरवली, पाटल्यांचा जोड. केळ्याच्या सालीवरून घसरला, घरातल्या सगळ्या सुनांचे दागिने!

याच चौकोनाचं दुसरं टोकही बघून घेऊ, कारण अचाट आकडे मोठेच असतात असं नाही. १६ एप्रिल १९४३, स्वित्झर्लंडमधलं बाझल. सँडोझच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हॉफमन एका रसायनावर काम करत होते. नकळत त्याचा अंश शरीरात गेला आणि डोळ्यांपुढे रंगांचा पूर आला. तीन दिवसांनी त्यांनी ठरवून २५० मायक्रोग्रॅम घेतलं आणि सायकलवरून घरी जाताना सगळं जग वाकडंतिकडं झालेलं पाहिलं. रसायनाचं नाव एलएसडी. २५० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. साखरेचा एक दाणा चिमटीत घ्या आणि त्याचे दोन तुकडे करा. अर्ध्याहूनही कमी. तेवढ्यानं एका मोठ्या शास्त्रज्ञाला आपण वेडे तर झालो नाही ना अशी भीती वाटली. मेंदूला हलवायला काय लागतं आणि काय नाही, हे असं कळलं.

आणि चौकोनात दुःखही आहे, ते वगळून पुढे जाता येत नाही. १६ एप्रिल १९४७ ला टेक्सस सिटीच्या बंदरात खतानं भरलेलं एक जहाज पेटलं आणि उडालं. आत दोन हजार टनांहून अधिक अमोनियम नायट्रेट. आपल्याकडे खताचं पोतं ५० किलोचं धरलं, तर ४०,००० पोती. जहाजाचा जवळजवळ दोन टनांचा नांगर अडीच किलोमीटर लांब जाऊन पडला. त्या दुर्घटनेत ५८१ माणसं गेली. आपल्या मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं त्याला तेव्हा तीन वर्षं आणि दोन दिवस झाले होते. ज्या दिवशी टेक्सस सिटी जळत होती, त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये एक मूल जन्मलं. पुढे ७ फूट २ इंच उंच झालं, करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखलं गेलं आणि बास्केटबॉलमध्ये त्यानं ३८,३८७ गुण केले. सेकंदाला एक असे मोजत बसलो तर सकाळी सातला सुरुवात करून संध्याकाळी पावणेसहा वाजतात. सर्वाधिक गुणांचा विक्रम जवळजवळ ३९ वर्षं त्याच्याच नावावर होता.

आता दम घ्या, कारण पुढचा आकडा जमिनीवरचा नाही.

१६ एप्रिल १९७२, रविवार. फ्लोरिडात दुपारचे १२ वाजून ५४ मिनिटं. आपल्याकडे रात्रीचे ११ वाजून २४ मिनिटं, म्हणजे भारतातही अजून १६ तारीखच, मध्यरात्रीला ३६ मिनिटं बाकी. तळावर उभं होतं सॅटर्न-५ रॉकेट, डोक्यावर अपोलो-१६. आत जॉन यंग, केन मॅटिंग्ली आणि चार्ल्स ड्यूक.

उंची ११० मीटर. गेटवे ऑफ इंडियावर गेटवे, असे चार रचले तरी रॉकेटचं नाक वरच. वजन २,९०० टनांहून जास्त. २४ डब्यांच्या दोन मेल गाड्या प्रवाशांसकट उभ्या केल्या तरी पारडं रॉकेटकडेच झुकेल. एवढं वजन, आणि ते हवेत सरळ वर उचलायचं!

त्यासाठी पहिल्या टप्प्यात पाच इंजिनं. त्यांच्या टाक्यांत रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन मिळून सुमारे २० लाख लिटर. आपली गावाकडची ऐसपैस विहीर डोळ्यांपुढे आणा. आठ मीटर रुंद, दहा मीटर पाणी. तिच्यात पाच लाख लिटर मावतं. अशा चार विहिरी, तुडुंब भरलेल्या. आणि त्या कोरड्याठाक व्हायला किती वेळ? अडीच मिनिटांहून थोडा जास्त! शेतावरची मोटर कितीही जोरात चालू द्या, एका विहिरीला दिवस पुरत नाही. इथं चार विहिरी चहा उकळायच्या आत संपल्या. १०,००० लिटरचे टँकर मोजले तर दर सेकंदाला एकाहून जास्त. एक टँकर गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, आणि हे वाक्य संपेपर्यंत सहा-सात टँकर जळून गेले!

जमिनीवरून सुटल्यापासून बारा मिनिटांत अपोलो-१६ पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोचलं. बारा मिनिटं! सहाच दिवसांपूर्वी, १० एप्रिल १९७२ ला, लॉस एंजेलिसच्या ऑस्कर सोहळ्यात चार्ली चॅप्लिनला गौरवलं गेलं होतं आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. किती वेळ? बारा मिनिटं. म्हणजे त्या टाळ्या सुरू झाल्या तेव्हा रॉकेट सोडलं असतं, तर टाळ्या थांबेपर्यंत ते अवकाशात! आणि राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं. साठ पट वेळात माणूस वाळूवरून पृथ्वीच्या कक्षेत. रॉकेट सुटलं त्या दिवशी चॅप्लिनला ८३ वर्षं पुरी झाली. पहिल्या विमानाच्या वेळी तो १४ वर्षांचा होता. हे सगळं एकाच माणसाच्या आयुष्यात!

मग इंजिन पुन्हा पेटलं आणि यान पृथ्वी सोडून चंद्राकडे वळलं. वेग सेकंदाला जवळजवळ ११ किलोमीटर. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेचा नेहमीचा प्रवास, साधारण १५० किलोमीटर, घाटातली कोंडी, टोलची रांग, फूडमॉलवरचा वडा, हे सगळं त्या वेगानं किती वेळात? १४ सेकंदांत. बोरीबंदर ते ठाणे? तीन सेकंद! तोफेची पहिली सलामी झडून दुसरी झडायच्या आत ४०० पाहुणे ठाण्यात उतरले असते.

चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर. १८५३ ची ती गाडी तशीच, त्याच वेगानं, रात्रंदिवस चंद्राकडे धावली असती तर ४७१ दिवस लागले असते. १६ एप्रिल १८५३ ला निघून ती ३१ जुलै १८५४ ला पोचली असती. अपोलो-१६ तीनच दिवसांत चंद्राभोवती फिरू लागलं.

आणि रोज मुंबई-पुणे ये-जा करणाऱ्या पासधारकांनो, हे तुमच्यासाठी. रेल्वेनं अंतर १९२ किलोमीटर, जाऊन-येऊन ३८४. चंद्राचं अंतर ३८४ नं भागा. १,००१! एक हजार एक वेळा डेक्कन क्वीननं मुंबई करून घरी परतलात की तुम्ही चंद्राएवढं अंतर कापलंत. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर चार वर्षांत चंद्र. नोकरीची ३२ वर्षं अशीच काढलीत तर चार वेळा चंद्रावर जाऊन परत आलात, तेही कर्जतचा वडापाव खात आणि पत्ते पिसत.

यंग आणि ड्यूक चंद्रावर ७१ तास राहिले. बरोबर नेलेली विजेवरची गाडी त्यांनी तिथं जवळजवळ २७ किलोमीटर चालवली. बोरीबंदरापासून मोजलं तर भांडुपच्या आसपास. परत येताना दगडमाती आणली ९५.७ किलो, म्हणजे धान्याच्या दोन पोत्यांहून जेमतेम कमी. त्यात एक धोंडा ११.७ किलोंचा. बारा माणसं चंद्रावर उतरली, पण त्यांनी आणलेल्या सगळ्या दगडांत हाच एकटा सर्वांत मोठा. त्याला ‘बिग मुली’ म्हणतात.

आणि या धोंड्याचं वय? चार अब्ज वर्षांच्या आसपास. म्हणजे तो झाला त्याला ४०० कोटी १६ एप्रिल उलटून गेले!

४०० कोटी. हा आकडा असा डोक्यात शिरत नाही, म्हणून दर १६ एप्रिलसाठी एकेक कागद घ्या, साध्या वहीचा, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड, आणि चळत रचत चला. १०० कागदांची चळत होते एक सेंटिमीटर. लाख कागदांना १० मीटर, तीन मजले. कोटी कागदांना एक किलोमीटर. ४०० कोटी कागदांना ४०० किलोमीटर! ती चळत आडवी केली तर कोल्हापुरापासून मुंबईपर्यंत. रंकाळ्यापासून चालायला लागायचं. कराड आलं, नुसते कागद. सातारा आला, कागद. पुणं ओलांडलं, घाट उतरला, पनवेल गेलं, अजून कागदच, आणि एकाही कागदावर माणसाचं नाव नाही. मुंबई येते, चळत संपत येते, शेवटचं बोटभर उरतं, पावणेदोन सेंटिमीटरही नाही. बोरीबंदरची गाडी, विल्बर, चॅप्लिन, क्विम्बी, हॉफमन, करीम, सॅटर्न-५, सगळे तिथं, त्या बोटभर जाडीत. आणि ठाण्याला निघालेल्या गाडीपासून चंद्राकडे निघालेल्या यानापर्यंत? ११९ कागद. फक्त १२ मिलिमीटर!